डाव्या चाकातली सवत

मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणारीला सवत नसेल! माझी जिती असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. शालू मेली आणि घरभर राहिली. जातं शालूचं, उखळ शालूचं, दारची तुळस शालूनं लावलेली. सासू माझ्या हातचं कालवण चाखायची आणि उसासा टाकायची, "आमची शालू चिंच बेताची टाकायची हो." टाकायची तर टाकायची! जेवा ना गपगुमान.

आणि गाडी. तीसुद्धा शालूच्या बापानं लग्नात दिलेली. आमच्या घराचं पोट त्या बैलगाडीवर. मिठागरातलं मीठ भरायचं, शिळाच्या फाट्यावरून कल्याणच्या टेसनात पोचवायचं. आगगाडी काय कुणाच्या बैलांसाठी थांबत नाही, त्यामुळे वेळ पाळावी लागे.

यंदा ती गाडी हट्टाला पेटली. सकाळी बैल जुंपले की जागची हलेना. मागून दोघातिघांनी रेटा दिला की कण्हत कण्हत सुटायची. फाट्यापर्यंत बैलांच्या तोंडाला फेस. तिथं पाण्याला थांबलं की पुन्हा तीच रड. नवरा म्हणे बैल थकले. त्यांना पेंड घातली, गूळ चारला, पाठीला तेल चोळलं. बैल गोठ्यात उड्या मारायचे आणि आमच्या गाडीला जुंपले की माना टाकायचे.

सासूनं पंढरी भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि बोलला, "पहिलीचा जीव गाडीत हाय. दुसरीनं तिला मान दिला नाय. येत्या अवसेला दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घाला, गाडी चालंल."

टाक म्हणजे चांदीचा लहान पत्रा, त्यावर मेलेल्या सवतीची मूर्त. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो गळ्यात घालायचा. रोज आधी तिला पाणी दाखवायचं, मग आपण प्यायचं. माझ्या लग्नात घालायला निघाले होते, तेव्हा मी भरमांडवात हात झटकला होता. नवऱ्याच्या छातीशी गेले तरी मधे ती? मी नाही घालणार म्हणजे नाही.

"गाडीतच काहीतरी बिघडलंय," मी भगताच्या तोंडावर म्हणाले.

"तुला गाडीतलं काय कलतं गो?" सासू खेकसली.

कळतं थोडं. माहेरी खोपटला माझ्या बापाचीही गाडी होती आणि मी ती पुसतच मोठी झाले. पण सासूशी कोण वाद घालणार? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमीन उकरत बसलेला. म्हणतो कसा, "घाल ना सगुणा. तुझं काय जातं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काय जातं! म्हटलं, "अवसेपर्यंत थांबा. गाडीचा दोष दाखवला तर टाकाचं नाव काढायचं नाय. नाय दाखवला तर घालीन, मान खाली करून."

"बोललीस हां!" म्हणत सासूनं साक्षीला शेजारच्या गोपीनाथला हाक मारली. बरंच झालं. मला त्याची गाडी हवीच होती.

"भावजी, तुमचे बैल आमच्या गाडीला जुंपा आणि आमचे तुमच्या. वजन सारखं भरा."

"वहिनी, नवरे पण बदलायचे काय?" गोपीनाथ दात काढत म्हणाला.

"बदलला असता, पण तुम्ही पदरात पडाल त्याचं भ्या वाटतं."

आमचे बैल गोपीनाथची भरली गाडी घेऊन फाट्याला जाऊन आले, शेपट्या वर करून. आणि त्याचे दांडगे बैल आमच्या गाडीला फाट्याच्या अलीकडेच फेसाळले. म्हणजे बैलांचा दोष नाही. एवढं सासूनंही कबूल केलं, पण लगेच म्हणाली, "म्हंजे गाडीतच बसलीय ती."

गाडी दारात आल्या आल्या मी चाकांना हात लावला. चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्याला आम्ही तुंबा म्हणतो, त्याच्या पोटातून लोखंडी आख जातो. उजवा तुंबा कोमट होता. डाव्याला बोटं टेकवली आणि आई गं! तापल्या तव्यासारखा. मग जनावरं सोडायला लावली, मीठ उतरवलं, गाडीखाली ओंडका देऊन चाकं अधांतरी केली आणि हातानं फिरवली. उजवं गरगरत राहिलं. डावं माझा हात सुटायच्या आत थांबलं.

त्या डाव्या चाकाला कायम कुंकू असायचं. शालू गाडीत त्याच बाजूला बसायची म्हणून नवरा तिथंच कुंकू लावायचा, उजव्याला नाही. मी कितीदा ते पदरानं पुसलं असेल. तो परत लावायचा.

"आखाची खीळ काढा. चाक बाहेर घ्या," मी म्हणाले.

"कशाला? वंगण मी भरतो की. बघ, बाहेर आलंय," नवरा म्हणाला. वंगण खरंच तुंब्याबाहेर ओघळलं होतं.

"बाहेर आलंय, मग आत काय हाय?"

"उद्या बघू."

त्याचा चेहरा उतरला. हातोडी घेऊन खीळ मीच ठोकून काढली, गोपीनाथनं चाक ओढलं. आखावर काळा थर बसलेला, विटेसारखा कडक. कोयत्यानं खरवडला तर ढलपे निघाले. एक ढलपा मी हातावर घेऊन चुरला. आत भाताची शितं. गुळाची चिकटी. कुंकू. मिठाच्या पाण्यानं सगळं आळून दगड झालेलं, आणि त्याच्यावरून वंगण नुसतं वाहून जात होतं.

"हे काय?" मी विचारलं.

सासूला खरंच काही ठाऊक नव्हतं, ती तोंडावर पदर धरून उभी. शेवटी नवरा म्हणाला, "दर अवसेला वंगण भरताना घास ठेवतो. तिचा. गूळभात आवडायचा तिला."

"चाकात?"

"घरात कुठं ठेवू?" पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तू तर कुंकूपण पुसतेस."

मी कोयता परत उचलला. आख घासला, तुंबा आतून खरवडला, एरंडेलाचं ताजं वंगण माखलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. चाक बसवलं, गाडी भरली, बैल जुंपले. गोपीनाथ सवयीनं मागून रेटायला वाकला आणि गाडी अशी सुटली की तो तोंडावर आपटला. पोरंसोरं टाळ्या पिटू लागली.

"शालू पावली गो बाय!" सासूनं आकाशाकडं हात जोडले.

हात माझे काळे आणि पावली कोण? मी म्हणाले, "आत्या, पावायला ती मेलीय. मी जितीय." पण ऐकतंय कोण! नवऱ्यानं मात्र शब्द पाळला. "टाक नाय घालायचा, आये. ठरलं तसं," एवढं बोलला. म्हणजे मी जिंकले. आणि बघते तर तो उकिरड्यापाशी उभा, हातात ते ढलपे, टाकवत नाहीत. ह्या माणसानं माझ्यासाठी कधी बोर लपवून आणलं नव्हतं, हो. जळून खाक झाले मी.

अवसेच्या संध्याकाळी तो गोठ्याकडं निघाला, मूठ मिटलेली.

"कुठं?"

"बैल बघतो."

"मुठीनं बघताय? चाकात काही कोंबलंत तर हात मोडीन. आत या."

चुलीपाशी मी एक पान जास्तीचं मांडलं. त्यानं मूठ उघडली, गूळभात त्यावर ठेवला. मी भात वाढला, चिंच बेताची घातलेलं कालवण वाढलं. नवरा त्या पानाकडं बघत राहिला आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडं.

कालवणात जिताडा माशाची तुकडी एकच मोठी होती. ती काही मी तिच्या पानात वाढली नाही. माझ्या पानात घेतली आणि तिच्या पानासमोर बसून, काटे चोखत, सगळी खाल्ली.