भोंगा मुका केला तो दिवस

लंकाबाईनं आधी गळ्यात पट्टा बांधला आणि मगच विळा उचलला. पट्टा कसला, टायरच्या जुन्या ट्यूबची धांदोटी, तिच्यातून बाहेरच्या अंगाला खिळे काढलेले. गाईसाठी हिरवा घास कापायला वाकलं की मान उघडी पडते, आणि बिबट्या धरतो तो मानेलाच. दिवाळीच्या तोंडावर वस्तीवरच्या छबूबाईला तसंच धरलं. वाकलेलं माणूस त्याला शेळी-वासरासारखं दिसतं, असं जंगलखात्याची माणसं मागनं सांगून गेली. छबूबाई गेली, तिनं बांधलेला घासाचा भारा मात्र जागच्या जागी होता. एक काडी विस्कटली नव्हती.

"अक्का, निघाली का?" बांधापलीकडनं हमिदानं हाळी दिली.

"निघाले बाई. गाय हंबरतीया सकाळधरनं. तिला काय सांगू, वाघ आलाय म्हनून उपास धर?"

"थांब मंग, मी शेळ्या तिकडंच आनते. येकटी वाकू नको."

पाथर्डीच्या डोंगरकडेला आमचं गाव. दिवाळी सरली की टोळ्या ऊस तोडायला जातात आणि घरांना कुलपं पडतात. लंकाबाईचा अमृत आणि सून पंकजा कारखान्यावर गेलेली. हमिदाचा तौफिक नगरात टेम्पो चालवायचा. डोंगराखालच्या वस्तीवर उरल्या या दोघी, एक गाय, हमिदाच्या शेळ्या आणि लंकाबाईच्या घासाला लागून उभा असलेला भिमाजीचा मका. मका डोक्यापेक्षा उंच वाढलेला. वारा नसताना त्यात काही सळसळलं की दोघी हातातलं काम टाकून घराकडं वळायच्या. दिवस मावळायच्या आत दारं लागायची. कुणी कुणाकडं चहा प्यायलासुद्धा जात नव्हतं.

अशात ती कंपनी आली. मोबाइलातलं, कंप्युटरातलं सगळं जिच्या ताब्यात आहे म्हणतात अशी लांबची मोठी कंपनी. सरपंच आबासाहेबांनी देवळापुढं माणसं गोळा केली.

"नफ्यातला हिस्सा लोकांच्या कामाला लावायचा, असा कायदाच हाय," आबासाहेब म्हणाले. "कंपनीचं म्हननं, बिबट्याबी जगला पायजे अन् मानूसबी. म्हनून खांबावर कॅमेरा बसवनार. बिबट्या दिसला का कॅमेरा त्याला वळखनार, भोंगा वाजनार, आपल्या मोबाईलवर फोन येनार. समदं फुकट."

"अन् वळखू आला न्हाई तर?" हमिदानं विचारलं.

"अगं, कंपनीचा कंप्युटर हाय त्यो. तुझ्या-माझ्यासारखं चष्म्याचं डोळं न्हाईत त्याचं."

माणसं हसली. हमिदा हसली नाही.

एक खांब नेमका मक्याच्या कडेला, लंकाबाईच्या बांधावर उभा राहिला. वर सोलरचं पान, खाली कॅमेऱ्याचा डोळा, त्याच्याखाली लाल दिवा आणि भोंगा. पहिल्या दिवसांत तो कशालाही बोंबलायचा. हमिदाच्या बोकडाला वाजला. घोंगडी पांघरून चाललेल्या भिमाजीला वाजला, तेव्हा भिमाजी घोंगडी टाकून पळाला. आणि लगोलग मोबाइलवर कुणा बाईचा गोड आवाज यायचा, "सावधान. आपल्या परिसरात बिबट्याचा वावर आढळला आहे." तो आवाज ऐकला की लंकाबाई दाराला पाठ लावून बसायची. भोंगा वाजला की भ्या वाटायचं आणि थांबला की जास्तच. गेला का दबा धरून बसलाय, हे काही तो सांगत नव्हता.

पण खोटं कशाला बोलावं? एकदा भोंगा वाजला आणि सकाळी गोठ्यापाशी ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. ताटलीएवढे. गाय आत बांधली होती म्हणून वाचली. त्या दिवसापासून लंकाबाई खांबाला नावं ठेवीना. "आसू दे बाई, कोन तरी जागं हाय," म्हणायची. घासात वाकायच्या आधी त्या लाल दिव्याकडं एकदा बघून घ्यायची.

पुढं एक दिवस आबासाहेब तिच्या दारात आले.

"लंकाबाय, कंपनीची मानसं येनार हायती. फिलीम काढायची हाय खांबाची. तुला बोलायचंय त्यात."

"मी काय बोलू?"

"आता आमाला भीती वाटत न्हाई. येवढंच."

"पन वाटती की, आबा."

"मंग वाटू दे. बोलायला काय जातंय?" आबासाहेबांनी आवाज उतरवला. "शाळेच्या दोन्ही खोल्या गळत्यात. पोरं चिखलात बसत्यात. ही फिलीम वर आवडली तर खोल्या बांधून देऊ म्हनाल्यात. आता तुझ्या तोंडात हाय बघ गावाचं काम."

लंकाबाईनं मान हलवली. पोरांचं नाव काढल्यावर नाही कसं म्हणायचं?

ठरल्या दिवशी ऊन कलल्यावर जीप आली. कॅमेरावाला एक पोरगेलासा माणूस आणि पुण्याहून आलेल्या कंपनीच्या मॅडम. मॅडम वयानं पंकजाएवढ्या. बोलायला गरीब होत्या. आल्या आल्या त्यांनी छबूबाईची चौकशी केली, तिच्या घराला कुलूप का आहे ते विचारलं, आणि ऐकताना त्यांचे डोळे भरले. लंकाबाईला त्या आवडल्या.

कॅमेरावाला कॅमेऱ्याची तिकटी लावायला खाली बसला की भोंगा वाजायचा. उठला की थांबायचा. पुन्हा बसला, पुन्हा वाजला. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, या आवाजात काही रेकॉर्ड होणार नाही."

मॅडमनी कुठंतरी फोन लावला. "थोडा वेळ ही साइट बंद ठेवता येईल का? शूटिंग आहे." जरा वेळानं लाल दिवा विझला.

लंकाबाई त्या विझलेल्या दिव्याकडं बघत राहिली. "बाई, किती येळ ऱ्हानार ह्यो मुका?"

"संध्याकाळपर्यंतच, मावशी. आम्ही सगळे आहोत ना इथे." मग मॅडम अडखळल्या. "आणि मावशी, तो गळ्यातला पट्टा काढता का? बघणाऱ्याला भीती वाटेल."

"भ्या वाटतं म्हनूनच घातलाय, बाई."

"कळतंय मला. पण वरच्यांनी सांगून ठेवलंय, आनंदी चित्र पाहिजे."

आबासाहेबांनी जीपजवळून डोळ्यानंच दटावलं. लंकाबाईनं पट्टा सोडून बांधावर ठेवला. मानेवर गार वारं बसलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

मक्याकडं पाठ करून तिला उभं केलं. पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्यांदा ती 'आता आमाला भीती' एवढंच म्हणाली आणि थांबली. तिसऱ्यांदा डोळे मिटल्यागत करून बोलून गेली, "आता आमाला भीती वाटत न्हाई." देवळात खोटी शपथ घ्यावी तसं तिला झालं.

"छान! आता फक्त घास कापताना दाखवू," मॅडम म्हणाल्या. कॅमेरावाला बॅटरी बदलायला जीपकडं गेला. आबासाहेब तिथंच फोनवर बोलत होते. मॅडम मोबाइल घेऊन मक्याच्या अगदी कडेला गेल्या आणि उकिडव्या बसल्या, खालून कसं दिसतंय ते बघायला. मोकळी मान, वर बांधलेले केस, पाठ मक्याकडं.

लंकाबाईनं विळा घातला. एक मूठ कापली. दुसरी धरली. तेवढ्यात बांधावर हमिदा राखत होती त्या शेळ्यांचं रवंथ थांबलं. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. कान ताठ.

लंकाबाईनं मान उचलली आणि मक्याच्या दोन ताटांमधून तिला तो दिसला. वाळल्या पानांचा पिवळा वेगळा आणि हा पिवळा वेगळा. पोट भुईला टेकलेलं. खांदे हळूच एकदा वर, एकदा खाली होत होते. नजर तिच्याकडं नव्हती. नजर मॅडमच्या मानेवर होती.

नजर आपल्याकडं न्हाई, हे कळल्यावर क्षणभर लंकाबाईच्या जिवाला बरं वाटलं. हे तिनंच नंतर हमिदाला सांगितलं, रडत रडत. मग तिनं ओरडायला तोंड उघडलं तर घशातून नुसतं वारं निघालं.  लुगडं ओलं झालं तेसुद्धा तिला कळलं नाही.

"ऊठ!" कुठून आला कोण जाणे तिचा आवाज. "ऊठ गं बये! उभी ऱ्हा!"

"काय मावशी?" मॅडमनी मोबाइलातून डोकं काढलं. बसलेल्याच होत्या.

"उभी ऱ्हा म्हन्ते! हात वर कर!"

तिनं हातातला विळा फेकला. तो मक्यात कुठंतरी पडला. हमिदानं बांधावर काठी आपटत अशी किंकाळी फोडली की डोंगरातून ती परत आली. मॅडम धडपडून उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी बिबट्या मक्यातून अर्धा बाहेर आला. बसलेलं जनावर एकाएकी उंच झालेलं बघून तो थबकला. दात विचकले. त्याच्या श्वासाचा आवाज लंकाबाईला ऐकू आला, फुटक्या भात्यासारखा. मग तो वळला, बांधावर एक उडी, हमिदाची भुरी शेळी ओरडली ती अर्धीच, आणि दोघंही मक्यात दिसेनासे झाले. मका हलत गेला, हलत गेला, मग उभा राहिला.

तिघी बाया लंकाबाईच्या घरात कशा पोचल्या ते कुणालाच आठवत नाही. कडी लावली. दाराला पाटा-वरवंटा, पाण्याची टाकी, सापडेल ते लावलं. बाहेर आबासाहेब आणि कॅमेरावाला जीपच्या काचा लावून हॉर्न वाजवत होते.

मॅडमनी दोनदा चुकीचा नंबर दाबला, तिसऱ्यांदा फोन लागला. "भोंगा चालू करा! आत्ता! गावात सगळ्यांना फोन जाऊ द्या!"

पलीकडचा माणूस शांत होता. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मॅडम, साइट संध्याकाळपर्यंत बंद ठेवायची तुमचीच विनंती आहे. चालू करायला वरून परवानगी लागेल. मी टाकतो विनंती."

"अहो, इथे बिबट्या आहे! दारात!"

"सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाहीये, मॅडम."

मॅडमनी फोन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या. हमिदा तोंडात पदर कोंबून रडत होती. "भुरी गेली माझी. गाभन हुती गं."

लंकाबाईनं मॅडमचा हात धरला. 

"मावशी," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "तुम्हाला नाही भीती वाटली?"

"वाटली म्हनून तर वरडले, पोरी. न्हाई वाटली आस्ती तर कापीत बसले आस्ते घास."

गावातली राहिलेली म्हातारी माणसं डबे-ताशे वाजवत आली तेव्हा कुठं दार उघडलं. खांबावरचा लाल दिवा अजून विझलेलाच होता. जीपमध्ये बसताना मॅडम म्हणाल्या, "मी ते वाक्य काढायला सांगते, मावशी. भुरीचीपण भरपाई बघते. शब्द देते."

भुरीची भरपाई आली. ती मॅडमनी स्वतःच्या पदरची पाठवली, असं आबासाहेब नंतर बोलून गेले. खांबसुद्धा पुन्हा बोंबलायला लागला. मका काढणीला आला तेव्हा फिल्म आली. त्याच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला होता. "मी सांगितलं होतं, मावशी. ऐकलं नाही त्यांनी." आणि फोन ठेवून दिला.

देवळापुढं आबासाहेबांच्या मोबाइलभोवती माणसं जमली. बासरी वाजत होती. वरनं घेतलेला डोंगर, उन्हात चमकणारा खांब, आणि मग लंकाबाई. उघडी मान. "आता आमाला भीती वाटत न्हाई."

"शाळेच्या खोल्या मंजूर झाल्या बरं का," आबासाहेब म्हणाले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लंकाबाई स्वतःच्या तोंडाकडं बघतच नव्हती. "आबा, मागं घे जरा."

"का गं?"

"घे तर."

पुन्हा ती बोलली. तिच्या खांद्यामागं मका होता. वारा नव्हता, सगळी ताटं निवांत उभी होती. फक्त एका ओळीतले तुरे हलत होते. आधी लांबचे, मग जवळचे, मग अगदी तिच्या पाठीमागचे. तिथं येऊन ते थांबले.

"हमिदा, बघ," लंकाबाई म्हणाली.

हमिदानं बघितलं. "या अल्ला."

आबासाहेबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग खिशात घातला.  जो तो उन्हं कुठं गेलीत ते बघायला लागला.

परतताना दोघी रस्त्याच्या मधोमध चालल्या. गोठ्यात गाय हंबरत होती. घास कापायचा होताच.

"तू वाक, मी उभी ऱ्हाते," हमिदा म्हणाली. ती लंकाबाईच्या पाठीला पाठ लावून, मक्याकडं तोंड करून उभी राहिली.

"बोलत ऱ्हा," लंकाबाई खाली बसत म्हणाली. "काय बी बोल. पन गप्प बसू नको."

हमिदा बोलायला लागली. तौफिकचा टेम्पो कसा बंद पडला, त्याच्या सोयरिकीचं कुठं चाललंय, त्या पोरीचा बाप कसा चेंगट आहे, असं काहीबाही. लंकाबाई मूठ धरायची, कापायची, पुढं सरकायची. शब्द चालू होते तोवर हात चालू होते.

मध्येच हमिदा थांबली.

लंकाबाईचा विळा घासातच राहिला. मान वळवायचं धाडस होईना. तिनं डोळे मिटले.

"आगं काय न्हाई," हमिदा खाकरली. "थुका गिळत हुते. तर त्यो पोरीचा बाप म्हनला..."

लंकाबाईनं पुढची मूठ धरली.