सकाळी सहाचा ग्राहक

लहान कंपनीने एकच क्षेत्र निवडावे आणि त्यात खोल जावे, हा व्यवसायनीतीचा पहिला सिद्धांत आहे. पांढुर्ण्याच्या प्रफुल्लने संत्र्याचे क्षेत्र निवडले, बागायतदार-व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवल्या, आणि पंधरा वर्षांत तो इतका खोल गेला की वर पाहिले की एकच ग्राहक दिसायचा.

तो ग्राहक, सौंसरचा संत्रा व्यापारी कुलदीप, आत्ता आपल्या घराच्या ओसरीत समोर खुर्चीवर मांडी घालून बसला होता.

“बंदच करून टाका साइट, प्रफुल्लभाऊ. सगळा माल व्हॉट्सअ‍ॅपवर विकून राहिलो मी. तिथं कोन पाह्यते?”

ही साइट गेली की कंपनीचा बोर्ड उतरवायचा आणि नागपुरात कोणाच्या तरी कंपनीत नोकरी धरायची, हे घरी ठरले होते. प्रफुल्लने पिशवीतून छापील रिपोर्ट काढला.

“पाह्यते ना! रोज सकाळी सहाला एक जण येते. सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही. ‘आमचे संस्थापक’ या पानावर चार मिनिटं थांबते.”

कुलदीपने पाय खाली घेतले. “चार मिनिटं? दिल्लीचा हाय का?”

“इकडचाच दिसते.”

“मंग धंद्यातलाच असन कोनी. नजर ठेवून राहिला आपल्यावर.” कुलदीपचा चेहरा खुलला. आपल्यावर कोणी जळतो, याइतकी खात्रीची जाहिरात नाही. “राहू द्या अजून एक वर्ष. पाहू द्या त्याले.”

त्या पानावर कुलदीपच्या वडिलांचा, कवडूजींचा, फोटो होता. २०११ साली प्रफुल्लनेच काढलेला. तेव्हा वेबसाइट म्हणजे लग्नासारखे काम होते. व्यापारी नवा सदरा घालून, दाढी करून बसत, आणि फोटो निघेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. कवडूजी मात्र संत्र्याच्या ढिगाऱ्यावरच बसले. “मी दिल्लीले दिसन का?” त्यांनी विचारले. “दिसाल.” “मंग दिल्ली मले दिसन का?” आणि स्वतःच्याच विनोदावर ते असे हसले की कॅमेरा हलता हलता राहिला.

“प्रफुल्ल, आत ये रे बावा,” कुलदीपची आई, कलाबाई, हिने हाक मारली. चहा पुढे ठेवून तिने डब्यामागून मोबाइल काढला. पडद्यावर संत्र्यांचा ढीग होता आणि त्यावर कवडूजी.

“हा फोटो मोठा होते का? रोज सकाळी पाह्यतो मी. कुलदीपले नको सांगू, हसन मले.”

प्रफुल्लने रिपोर्टची घडी खिशात घातली. “काकू, भिंतीवर आहे ना मोठा.”

“तो आधार कार्डावरचा होय. पोलिसानं धरून आनल्यावानी दिसते. हे तसे नव्हते.” तिने पदराने पडदा पुसला. “पितरपाटाले, यायच्या तिथीले, मोबाइलच पाटावर ठेवला न्‌ निवद दाखवला. मेला घडी घडी अंधारा होये. एका हातानं पानी फिरवू का बोट लावत बसू?”

ग्राहकाला काय हवे ते ओळखा, आणि ते फक्त तुमच्याकडेच मिळेल असे पाहा, असे धंद्याच्या पुस्तकांत लिहिलेले असते. कलाबाईच्या बाबतीत प्रफुल्लला ही दोन्ही सूत्रे साधली होती. आता पानावरचा फोटो थोडा मोठा केला असता, तर कंपनीची अजून काही वर्षे निघाली असती.

“चहा थंडा होऊन राहिला,” कलाबाई म्हणाली. “होते का नाही?”

“होते, काकू.”

घरी येऊन त्याने जुनी हार्ड डिस्क शोधली. मूळ फोटो त्यात शाबूत होता, कवडूजींचा पडलेला दातसुद्धा. पांढुर्ण्याच्या स्टुडिओतून त्याने दीड फूट उंचीचा प्रिंट काढला, काच बसवली आणि पुढच्या मंगळवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गर्दीतून, बसमध्ये उभ्याने, मांडीला टेकवत सौंसरला नेला. भिंतीवरचे आधार कार्ड कलाबाईने स्वतः उतरवले.

बुधवारी सकाळी सहाला साइटवर कोणी आले नाही. गुरुवारीही नाही.

महिन्याभराने कुलदीपने विचारले, “आपला तो जळणारा काय म्हनते, भाऊ?”

“येणं बंद झालं त्याचं.”

“मंग साइट कायले ठेवता?”

प्रफुल्ल आता नागपूरला असतो. पगार वेळेवर होतो.