सगळ्यायचा एकच बायोडाटा

अकीलभाईवर मले राग नाही. माह्यावरच आहे, आन तो कोणावर काढू ते समजत नाही.

अमडापूरच्या स्टँडजवळ अकीलभाईचं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान आहे. लग्नाचा बायोडाटा आन नोकरीचा बायोडाटा ते एकाच साच्यात काढत. वर गणपती, कोपऱ्यात फोटो, चारी बाजूनं वेलबुट्टीची चौकट. रंग, उंची आन मामाचं गाव तेवढं गाळलं की झाला नोकरीचा. बियाण्याच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागा निघाल्या, तवा गावातल्या आम्ही साऱ्यायनं तोच ऑनलाइन पाठवला. साऱ्यायले नकार आला, आन तोही लगेच. माणसानं वाचलाच नव्हता. तिथं आधी मशीन वाचते, तिले चौकट समजत नाही, फोटो समजत नाही, तिले फक्त जाहिरातीतले शब्द पाह्यजेत. हे अकीलभाईनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून शोधून काढलं.

मंग मी त्यांच्या बाजूले स्टूल घेऊन बसली आन माह्या बायोडाट्याची पार हजामत करून टाकली. मनात माफी मागून गणपती काढला. चौकट गेली, फोटो गेला, राहिल्या नुसत्या साध्या ओळी. त्यात माह्यं खरं काम लिहिलं. गुलाबी बोंडअळीनं गावोगावची कपाशीची पऱ्हाटी खाल्ली, त्यानंतर एका ठेकेदारानं सर्वेक्षणाले पोरं-पोरी घेतल्या होत्या. मी बी.एस्सी. ॲग्री झालेली, दोन हंगाम शिवारात फिरली. अळीच्या नर पतंगाले वासानं ओढणारे कामगंध सापळे लावले, त्यात अडकलेले पतंग मोजले, लोकायच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या सोडून बाकी सारं लिहिलं. ठेकेदारानं सर्टिफिकेट देतो देतो म्हणत फोन बंद करून टाकला होता, म्हणून नुसत्या ओळीच होत्या. पण मशीनले त्या पटल्या. मुलाखतीचा मेसेज आला.

आईनं देवापुढं साखर ठेवली. संग्रामपूरच्या पाहुण्यायले तिनं सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तर पोरगी थांबन, नाही लागली तर या पाहाले. मले थांबाचं होतं. त्या नोकरीत माह्यं एवढंच होतं, आन तेच सारं होतं.

आता आमच्याकडं रीत अशी आहे. एखाद्याची पऱ्हाटी चांगली दिसली की जाणारा-येणारा बांधावरून विचारते, "कोणत्या बियाण्याची थैली लावली बे?" आन सांगा लागते. लपवलं तर गाव नाव ठेवते. अकीलभाईनं मले तसंच विचारलं.

"अपेक्षा, तुह्यावाल्या ओळी चालल्या. बाकीच्या पोरायले लावू काय? पांढऱ्या अक्षरात टाकतो. कागदावर दिसणार नाही, मशीनले दिसन."

"लावा ना भाई, काऊन नाही!" मी म्हटलं. वरून छाती फुगली माही. काय अक्कल म्हणावी!

साऱ्यायले मेसेज आले. मुलाखतीच्या दिवशी आम्ही एकाच बसनं बुलढाण्याले निघालो. शेजारच्या रंगरावकाकाचा प्रेम माह्या बाजूले बसला. तो बी.ए. झालेला, पोरगा सरळ, पण सापळा त्यानं जवळून पाह्यला नव्हता.

"ताई, अळीचं विचारलं तर काय सांगू?"

मी सांगितलं. "फूल पुरतं उमलत नाही, पाकळ्या एकमेकीले चिकटून राह्यतात. त्याले डोमकळी म्हणतात. उघडून पाह्यलं की आत अळी." मागच्या सीटवरचे पुढं वाकले. मंग मी साऱ्या बसलेच शिकवलं. शिकवणी घेतल्यासारखी उभी राहून, हातवारे करून!

एका हॉटेलातल्या हॉलमध्ये मुलाखती होत्या. प्रेमचा पयला नंबर लागला. तो हसतच बाहेर आला आन फोन लावाले एका बाजूले गेला, पण घरचा फोन लागत नव्हता. त्याच्यामागून गेलेले मात्र खाली मान घालून निघू लागले. माहा नंबर शेवटी आला.

पुण्याच्या मॅडम होत्या. त्यांनी लॅपटॉप माह्याकडं वळवला. पडद्यावर साऱ्यायचे बायोडाटे एकाखाली एक होते आन साऱ्यायच्यात माह्या ओळी होत्या. मशीन रंग ठेवत नाही. पांढऱ्या ओळी काळ्या होऊन बसल्या होत्या.

"तुम्ही सगळे एकाच शेतात, एकाच वेळी पतंग मोजत होतात का?"

"मॅडम, ते माझं काम आहे. बाकीच्यांनी माझं घेतलंय."

"प्रत्येक जण हेच म्हणतोय."

"विचारा मला काहीही. डोमकळी म्हणजे फूल पुरतं उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना..."

"चिकटून राहतात," मॅडमनं वाक्य पुरं केलं. "सकाळपासून ऐकतेय. पहिल्या मुलानं सांगितलं तेव्हा आवडलं होतं. त्याला आम्ही घेतलंय. त्याचं उतरवताना निदान शब्द तरी बदलायचे!"

माह्या हातात फाइल होती. फाइलीत छापलेला कागद होता, आन त्या ओळी त्याच्यावर चांगल्या काळ्या ठळक होत्या. बाकीच्यायच्या कागदावर तिथं कोरी जागा होती. दोन कागद बाजूबाजूले ठेवले असते तर चोर कोण ते आंधळ्यालेही दिसलं असतं. तोंडाशी आलं होतं माह्या. पण मंग पांढरी अक्षरं कोणी टाकली, कोणाले विचारून टाकली, हेही सांगा लागलं असतं. 'लावा ना भाई' म्हणणारी मीच होती. बाहेरून प्रेमचा आवाज येऊन राह्यला होता, "आई, लागली वं! हाव, खरंच लागली!"

फाइल उघडलीच नाही मी. लोक याले मोठं मन म्हणतीन. झक मारते मोठं मन! लाज होती ती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी मॅडम," म्हणून उठली, जसं काही खरंच मी चोरलं होतं.

परतीची बस भरलेली होती. प्रेम पुन्हा माह्या बाजूलेच बसला, दुसरी जागा नव्हती. त्याले सारं समजलं होतं, बाहेर आलेल्या पोरायनं सांगितलं होतं. चिखली येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राह्यला. मले वाटलं, आता म्हणन, 'ताई, मी जाऊन खरं सांगतो.' तो म्हणाला असता तर मी त्याले अडवलं नसतं, हेही सांगून टाकते.

चिखली गेल्यावर तो बोलला. कान लाल झाले होते त्याचे. आवाज इतका खाली होता की मलेच ऐकू यावा.

"ताई, सोमवारपासून सापळे लावाचे आहेत म्हणे. ते... किती उंच लावतात?"

थोबाडीत द्यावी वाटली. त्याच्या की माह्या, ते उमजलं नाही.

"पिकाच्या फूटभर वर," मी म्हटलं. "आन पीक वाढलं की सापळाही वर सरकवाचा. विसरू नको."

त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.