कॉझ्मसचा दगड

अल्बर्टिनाने पलंगावरची पांढरी चादर काढली आणि दिराला म्हणाली, "एनॉक, पायांकडून उचल. पाय आपटतील त्याचे."

"दगडाला कसले पाय, वहिनी," एनॉक म्हणाला. पण उचलला मात्र पायांकडूनच.

आमच्या कॅरिआकू बेटावर मेलेल्याच्या नावाचा दगड एक रात्र त्याच्याच पलंगावर निजवतात आणि सकाळी थडग्यावर उभा करतात. तोवर मेलेल्याला टेकायला जागा नसते. बोकडं वाढवून गावजेवण घालायला अल्बर्टिनाला बरीच वर्षं लागली. तेवढी वर्षं तिचा नवरा कॉझ्मस तिच्या स्वप्नात दाराशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाई, पाय दुखले गं."

पुढे ढोल, मागे दगड, असे आम्ही काटेरी झुडपांतून किनाऱ्यावर उतरलो आणि थांबलो. रात्री वाऱ्याचा मागमूस नसताना उत्तरेकडून लाटा चढल्या होत्या. थडग्यांची शेवटची रांग समुद्रात गेली होती. कॉझ्मसच्या थडग्याचा एक कोपरा तेवढा पाण्याबाहेर होता. त्यावर पाणकोळी पंख वाळवत बसला होता.

ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"वाळू होती तोवर समुद्र लांब होता," एनॉक पुटपुटला.

"नेली कुणी वाळू?" अल्बर्टिनाने विचारलं.

एनॉक गवंडी. हातातल्या दगडाकडे बघत तो म्हणाला, "हाही तीच वाळू सिमेंटात कालवून ओतलाय, वहिनी."

"ठाऊक आहे. घरही तिचंच आहे माझं. तुझा भाऊच गाढवावरून पोती आणायचा."

एनॉकने वर बोट दाखवलं. "टेकडीवर उभा करू. चर्चमागे जागा आहे."

"टेकडीवर कोण आहे?"

दगड उचलून आम्ही तिच्या घरी परतलो. बोकडाचं मटण शिजलं होतं, ते आम्ही मान खाली घालून जेवलो. परत आलेल्या दगडाचं काय करायचं, हे आमच्या म्हाताऱ्यांनाही माहीत नव्हतं. जाताना कुणी तिचा निरोपसुद्धा घेतला नाही. लाज वाटत होती.

एनॉक दगड अंगणात टेकवायला लागला, तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. मग दगड आत नेऊन त्याने पलंगावर ठेवला. अल्बर्टिनाने चादर नावापर्यंत ओढली, उशी सारखी केली.

"आता इथंच पड," ती म्हणाली. "समुद्र इथवर येईल तोवर."