आधी चिंधीवर

होय, मीच बोलतोय. इकडेतिकडे नका बघू, खाली बघा. टेबलाखाली, चामड्याच्या तुकड्यांच्या टोपलीशेजारी ती धुळकट काळी पेटी घुरघुरतेय ना, तो मी. कॉम्प्युटर. वय वर्षे अकरा. आमच्यात हे वय म्हणजे पिकलं पान, त्यामुळे घुरघुरण्याबद्दल माफी मागणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. बरोबरची हजारो भावंडं, सगळ्यांची तोंडं सारखी. कोणी बँकेत गेलं, कोणी कॉलेजात, आणि माझ्या वाट्याला आलं बुटांचं दुकान. तेही खिडकीत जोड मांडून विकणारं नव्हे. ज्यांची पावलं बाजारातल्या कुठल्याच बुटात मावत नाहीत, त्यांच्यासाठी इथे एकेक जोड हाताने बनतो. बनवतात काका. सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. त्यांची सून मात्र त्यांना बाबा म्हणते, आणि मला दुकानात आणलं ते तिनेच.

काकांच्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून खुपलो. "याला काय कळतंय पायातलं?" असं ते माझ्यादेखत म्हणाले. पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. पावलाभोवती पेन्सिल फिरवताना रेघ वाकडी व्हायची, आणि अर्ध्या दोऱ्याइतकी चूक झाली तरी पायाला फोड येतो. मग मला एक काचेची पेटी जोडली गेली. गिऱ्हाइकाने मोजे काढून तिच्यावर उभं राहायचं, की पावलाचं चित्र थेट माझ्या पोटात.

माणसं मोठी गमतीची असतात. पोट सुटलं तर हसतात, केस गेले तर विनोद करतात, पण मोजे काढताना हटकून म्हणतात, "माफ करा हं, माझे पाय जरा वेगळे आहेत." सगळेच हेच म्हणतात. मी दोनशे बारा जणांची पावलं पाहिली आहेत. 'वेगळे नसलेले' पाय मला अजून दिसायचे आहेत.

त्यातल्या एक शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड. त्यांच्या पहिल्या जोडाला पाच महिने लागले. बूट घालून बघायचा, चालायचं, कंबर कुठे दुखते ते सांगायचं, की काका तळ किंचित कमी करणार, टाच किंचित वाढवणार, आणि सून तो प्रत्येक बदल माझ्यात लिहून ठेवणार. शेवटी बाई न लंगडता दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहून रडल्या. ते पाच महिने कागदावर कुठेच नाहीत. फक्त माझ्यात आहेत. कारण मी आल्यावर सुनेने सगळे कागदी साचे एकदाचे रद्दीत घातले होते. काकांनी आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता.

म्हणूनच ती नेमाने बॅकअप घ्यायची. दर शनिवारी दुपारी, सहा वर्षं, एकही खाडा नाही. बटणांच्या डब्यातून पेनड्राइव्ह काढायचा, मला लावायचा, पडद्यावरचं 'पावलं' नावाचं चिन्ह उचलून त्यात टाकायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते. "बघा बाबा, किती पटकन होतं!" असं ती कौतुकाने म्हणायची.

पटकन होणारच हो! ते चिन्ह म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी उचलून नेली म्हणून घर थोडंच बरोबर जातं? पावलं सगळी माझ्याच पोटात राहायची. प्रिंटरचा कागद संपला तर मी बोंब मारतो, पण हे सांगायची सोय मला कोणी दिलीच नव्हती. सहा वर्षं जीव नुसता तुटत होता.

आणि मग ती सूचना आली. 'तुमची सिस्टीम जुनी झाली आहे. यापुढे सुरक्षा मिळणार नाही. नवी सिस्टीम घ्या.' काका म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" सून 'नंतर आठवण करा' दाबत राहिली. असे आठ महिने गेले. पण पायांचे पेशंट आमच्याकडे धाडणाऱ्या दवाखान्यातून त्यांची कागदपत्रं ई-मेलने येतात, आणि तिथून निरोप आला की जुन्या सिस्टीमवर आम्ही काही पाठवणार नाही. मग दोघांचं रोज वाजायला लागलं.

"बाबा, उद्या व्हायरस आला तर सगळंच जाईल."

"आणि नव्यात ही काचपेटी चाललीच नाही तर?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर निर्णय होत नव्हता. शेवटी सुनेने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, शांत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने मला तपासलं आणि म्हणाला, "सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. बॅकअप आहे ना?"

"आहे तर! दर शनिवारी घेते." तिने डबा उघडून पेनड्राइव्ह अभिमानाने दाखवला.

मी घाबरलो, हे कबूल करतो. पुसलं जाण्याला नाही. बाईंचे पाच महिने जाणार होते. काकांचे थरथरते हात आता पुन्हा पाच महिने तळ तासू शकणार नव्हते, आणि बाईंचा जुना जोड पार झिजला होता. नवा त्याच महिन्यात द्यायचा होता.

पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व पुसायचे?' कॉम्प्युटरवाल्याचं बोट बटणावर टेकलं.

"थांबा," काका म्हणाले. "आधी चिंधीवर."

काकांची ही जुनी खोड. चामडं कापण्याआधी साचा चिंधीवर ठेवून चिंधी कापायची, ती पावलाला लावून बघायची, मगच चामड्याला कात्री. घाई असली तरी, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

"बाबा, इथे कुठली चिंधी?"

"तुझ्या लॅपटॉपवर ते लाव आणि बाईंची पावलं मला दाखव. मग काय पुसायचं ते पुसा."

सुनेने जरा नाक मुरडूनच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. 'पावलं' दाबलं. काहीच उघडेना. पुन्हा दाबलं. कॉम्प्युटरवाल्याने वाकून बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. "ताई, यात काही नाहीये. हे नुसतं चिन्ह आहे."

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसली. "सहा वर्षं?" एवढंच म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मला वाटलं, आता काका रद्दीत घातलेल्या साच्यांचा हिशोब काढणार. पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, चिंधीच फाटलीय. चामडं शाबूत आहे."

मग माझ्या पोटातून खरी पावलं बाहेर निघाली. तोवर आलेलं एकेक माणूस, सगळ्या नोंदींसकट. तासभर लागला. सून तोवर जागची हलली नाही. लॅपटॉपवर बाईंचा आखूड डावा पाय उघडला, तेव्हा ती इतक्या मोठ्याने हसली की कॉम्प्युटरवाला दचकला. मला तर हलकं हलकं वाटलं, माझा पंखासुद्धा घडीभर घुरघुरायचा थांबला.

"आता टाकू नवी सिस्टीम?" त्याने विचारलं.

"काचपेटी चालेल?"

"बहुतेक चालेल."

"बहुतेक बसेल असा बूट मी आजवर कोणाला दिलेला नाही," काका म्हणाले.

सून डोळे पुसत म्हणाली, "मग याला नेटवरूनच काढा. मेल माझ्या लॅपटॉपवर बघेन, हा फक्त पावलं घेईल." कॉम्प्युटरवाल्याने मान डोलावली. आठ महिने अडलेला निर्णय एक वायर उपटून झाला.

याला आता वर्ष होत आलं. मला कसल्या सूचना येत नाहीत, कोणी धाक घालत नाही. सून दर शनिवारी पावलं उतरवून घेते आणि कोणा एकाचं पाऊल लॅपटॉपवर उघडून बघितल्याशिवाय उठत नाही.

तुमच्या टेबलाखालीही माझ्यासारखा कोणी घुरघुरत असेल. त्याला नवं करा, नाहीतर आहे तसा राहू द्या, तो तुमचा प्रश्न. पण त्याच्याजवळ तुमचं जे काही आहे, ते दुसरीकडे खरंच उघडतं का, एवढं आजच बघा. त्याला बोलता येत नाही हो.

बाईंचा नवा जोड वेळेत झाला. त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या आणि काका डोळे मिटून ऐकत होते. दोन्ही टाचांचा आवाज सारखा होता. माझं काय, मी उद्या बंद पडेनसुद्धा. बाई चालत राहतील.