कंडक्टर बाईंच्या पोटरीतला गोळा

त्या आठवड्यात शीलाच्या पोटरीत तिसऱ्यांदा गोळा आला, तेव्हा गाडी चिंचोली फाट्याच्या अलीकडे होती. दिग्रसहून निघून खेडीपाडी घेत पुसदला जाणारी ती एसटी. मे महिना, दुपारचे बारा, आणि शीलाच्या हातात तिकीट मशीन.

पहिला गोळा तिने दातओठ खाऊन जिरवला होता. दुसऱ्याने तिला एका म्हाताऱ्याच्या मांडीवर पाडलं. म्हातारा काही बोलला नाही, तक्रार केली ती शेजारच्याने. डेपोतल्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "पुन्हा तक्रार आली तर मेडिकलला पाठवावं लागेल. अनफिट निघालात तर गाडीवर जाणं बंद." परीक्षा पास झाल्यावर तीन वर्षं वाट पाहून ही नोकरी मिळाली होती.

म्हणून आजही ती दांडा धरून उभीच राहिली. पण पोटरी आवळत गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती मधल्या वाटेतच खाली बसली.

अख्खी गाडी वैद्य झाली.

"पाय झटका, बाई!"

"झटकू नका, लोखंड लावा लोखंड!"

"कांदा चोळा म्हणतो मी."

"धावत्या गाडीत कांदा कुठून आनू?"

"माह्याजवळ पाच किलो आहे ना!"

पुढच्या सीटवरून जुबैदा उठली. पन्नाशीची बाई, नेहमीची प्रवासी. तिने शीलाचा बूट काढला, टाच मांडीवर घेतली, गुडघा सरळ केला आणि पायाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढून धरली. "लंबा श्वास घे. ताठ नको होऊ." मिनिटाभरात गाठ सैल पडली.

"घरी काय करतं यावर?"

"सासूबाई रोज सकाळी लसणाचं तेल चोळून देतात. काळा दोरा बांधला. रोज एक केळं खाते."

"अन् पानी?"

शीला तिकीट मशीनचा पट्टा सारखा करू लागली.

"सकाळपासून किती पेली?"

"दोन घोट."

"या उन्हात? काहून?"

शीलाने आवाज खाली आणला. "मावशी, प्यायलं की जावं लागते. टोकाला पोचलं की नोंद, पाटी बदला, लगेच परत. रस्त्यात कुठं उतरू? चाळीस माणसं खिडकीतून पाहतात."

जुबैदा तिच्या पायात बूट चढवत म्हणाली, "फाट्यावर युनूसचं पंक्चरचं दुकान आहे ना, माहाच पोरगा तो. मागं घर आहे. चाल."

"मावशी, गाडी लेट आहे," ड्रायव्हर रामराव मान न वळवता म्हणाले.

"तुम्ही गडी लोकं बाभळीमागं जाता, तवा नाई होत का लेट?"

गाडी खदखदून हसली. रामरावांनी आरशात पाहिलं. शीलाची मान खाली होती. फाट्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. "जा ताई. मी जरा मागच्या चाकाची हवा पाहतो."

घरी जुबैदाने आधी मोरी दाखवली आणि मगच लिंबू पिळलं. मीठ, साखर, माठाचं पाणी. "रोज हेच. अन् उभ्या उभ्या टाचा टेकवून पोटरी तानत जाय. दार उघडंच असते."

दुसऱ्या दिवसापासून शीला पाणी पिऊ लागली. जाताना, येताना रामराव फाट्यावर चाकाची हवा पाहत. तीन आठवडे पोटरीने त्रास दिला नाही.

मग तक्रार आली. पायाची नव्हे, गाडीची. ही गाडी रोज एका पंक्चरच्या दुकानापुढे उभी राहते, ड्रायव्हरचं दुकानदाराशी काहीतरी साटंलोटं असावं.

साहेबांनी दोघांना पुढे उभं केलं. "मेकॅनिकने चाक तपासलं, रामराव. चाक चांगलं आहे."

"हवा उतरते साहेब, मधूनमधून."

"रोज? एकाच जागी?"

रामराव छताकडे पाहू लागले. शीलाने मनात हिशेब केला. आता बोललं तर पायाचा विषय निघणार, पायामागून मेडिकल. गप्प बसलं तर या माणसाच्या बावीस वर्षांच्या नोकरीवर शेरा.

"साहेब, हवा नाही. गाडी माझ्यासाठी थांबते," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. सरळ, मध्ये न थांबता: पाणी, गोळे, मोरी. "पाहिजे तर मेडिकलला पाठवा. पाय बरा आहे. पाणी बंद केलं तर राहणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढून पेन उचललं.

"किती वेळ लागतो?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"चार मिनिटं."

"दोन्ही फेऱ्यांना?"

"दोन्ही."

त्यांनी चिंचोली फाट्याच्या नावापुढची वेळ खोडली आणि नवी लिहायला घेतली.