दोन्या हुस्ताच्या टाकीतला चायूल

मी चायूल बोलतोय. नाव ऐकून लगेच अंग खाजवू नका. आमच्या सान कार्लोस गावात तळ्यावरून संध्याकाळी धुरासारखे उठणारे, दिव्यावर झेपावणारे, लोकांच्या जेवणात पडणारे आणि तरीही कुणाला न चावणारे जे बारीक किडे आहेत, त्यांतला मी एक. डासासारखा दिसतो खरा, पण डास नाही. एवढी एक गोष्ट गावाला पटावी म्हणून माझं सगळं आयुष्य खर्ची पडलं. त्याचं मला दुःख नाही, उलट समाधानच आहे.

माझा जन्म दोन्या हुस्ताच्या परसातल्या सिमेंटच्या टाकीत झाला. दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात ते; ही बाई होड्यांच्या धक्क्याजवळ पिनोलियो विकते. भाजलेला मका आणि कोको पाण्यात घोटते आणि तुंब्याच्या वाटीत भरून देते. होडीतून उतरलेला माणूस आधी तिच्याकडे वाटी रिकामी करायचा आणि मग घराकडे वळायचा. माझ्या आईने त्या टाकीच्या पाण्यावर अंड्यांची चिकट माळ सोडली आणि ती गेली. आमच्यात आई भेटत नाही. पण टाकीने आम्हाला सांभाळलं, हे मी विसरणार नाही.

अळी असताना आम्ही तळाच्या गाळात राहायचो. लाळेचे धागे आणि माती यांची नळी करायची, तिच्यात पडून राहायचं, शेवाळ आणि कुजकी पानं खायची. गाळात हवा कमी, म्हणून निसर्गाने आम्हाला माणसासारखं लालभडक रक्त दिलं. आमचं स्वतःचं रक्त, कुणाचं प्यायलेलं नव्हे. पण हा लाल रंगच आमच्या मुळावर आला.

एके दिवशी बादलीबरोबर आमच्यातली एक अळी वर गेली आणि नेमकी दोन्या क्रिसान्ताच्या वाटीत उतरली. क्रिसान्ता म्हणजे हुस्ताची शेजारीण. तिची नात नोएलिया हिला बाप्तिस्म्याच्या वेळी हुस्ताने कडेवर घेतलं होतं, म्हणजे ती पोरीची धर्ममाता; त्यामुळे नातं सख्ख्याहून जवळचं. आणि नोएलिया तेव्हा तापाने फणफणून दवाखान्यात पडली होती.

"हे काय आहे गं हुस्ता?" क्रिसान्ता ओरडली. "रक्त पिऊन फुगलेली अळी! ह्याच मोठ्या होऊन चावतात! माझी पोर तिकडे डोळे उघडत नाहीये, आणि ती रोज तुझ्या दारात खेळायची, तुझ्याच हातचं प्यायची!"

"अगं, गाळातला किडा तो. चुकून आला असेल."

"देवळात तूच तिला कडेवर घेतलंस ना? आणि तूच हे पाजलंस?"

धक्क्यावरच्या माणसांनी हातातल्या वाट्या हळूच खाली ठेवल्या. त्या दिवसापासून होडीतून उतरणारे लोक तिच्या टपरीसमोरून मान वळवून जाऊ लागले. ती तरी रोज मका भाजायची, घोटायची आणि दुपारी भरलेलं भांडं तसंच घरी आणायची. शेवटी एका सकाळी ती टाकीत रॉकेल ओतायला निघाली.

त्या वेळी तिचा हात धरला तो याहोस्काने. ही हुस्ताची मुलगी. लेओनच्या विद्यापीठात किडे शिकते आणि सुट्टीला घरी आली होती. तिने हात धरला नसता तर मी आज बोलत नसतो.

"आई, थांब. आधी हे कोण आहेत ते तरी बघू."

"एवढी वर्षं किडे शिकलीस, आणि घरच्या टाकीतला किडा तुला ओळखता येईना?"

"ही पाण्यात राहणाऱ्या चायूलची अळी आहे एवढं ओळखते मी. पण चायूल काय एकाच जातीचे आहेत? पक्कं नाव सांगायचं तर नर लागतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला चिमटे असतात, प्रत्येक जातीचे वेगळे. आणि अळीची कातडी, कोशाची कातडी आणि नर, तिन्ही एकाच जिवाची हवीत. नाहीतर हीच अळी मोठी होऊन तो झाला हे कशावरून?"

"म्हणजे तुला मुलगा हवाय!" कित्येक दिवसांनी हुस्ता हसली. "तुझा बापही असाच दारात बसला होता, मुलगा हवा म्हणून. झालीस तू. सकाळी रुसला, संध्याकाळी तुला खाली ठेवीना."

याहोस्काने आम्हाला एकेका काचेच्या नळीत ठेवलं, तळाशी थोडा आमचाच गाळ घातला. काही जण मेले, काही बुरशीत गेले. शेवटी उरलो मी आणि शेजारच्या नळीतली माझी बहीण. मायलेकी येता-जाता आमच्याकडे बघायच्या. गाळातल्या किड्याची एवढी वाट कुणी पाहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कोश झालो तेव्हा माझी अळीपणाची कातडी याहोस्काने चिमट्याने उचलली आणि बाळाचं जावळ जपावं तशी जपून ठेवली. मग एका संध्याकाळी मी पाण्याच्या पृष्ठभागावर आलो, पाठ उलली आणि मी बाहेर पडलो. भिंग डोळ्याला लावून ती किंचाळलीच, "आई! मिशा बघ! पिसासारख्या मिशा! नर आहे!"

त्याच संध्याकाळी माझी बहीणही बाहेर आली. तिच्या मिशा साध्या, बेताच्या.

दुसऱ्या दिवशी माझे पंख आणि अंग पक्कं झाल्यावर याहोस्काने मला स्पिरिटच्या बाटलीत सोडलं. मला राग आला नाही. आमचं पंखांचं आयुष्य चार दिवसांचं, आणि त्यात खाणं नाही. तोंड आहे ते नावापुरतं. ती बाटली आणि बहिणीची नळी घेऊन मायलेकी धक्क्यावर गेल्या.

नोएलिया तेव्हा दवाखान्यातून घरी आली होती. ताप उतरला होता, पण पोर आजीच्या खांद्यावरून मान उचलत नव्हती. तिला घेऊन क्रिसान्ता समोर उभी राहिली. भोवती नावाडी आणि उतारू जमले.

"हा बघा तुमच्या वाटीतला किडा मोठा झालेला," याहोस्का म्हणाली. "ह्याला सोंड नाही. हा चावत नाही."

क्रिसान्ताने बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "हा नर ना? नर कुठला चावतो! डासांचे नरही चावत नाहीत. ते माझ्या नवऱ्यासारखे, नुसते भुणभुणतात. चावते ती बाई!"

सगळा धक्का हसला. याहोस्काने मात्र बाटली परत घेतली, कारण बाई बरोबर बोलत होती. पुस्तकाला माझी गरज होती, पण गावाला हवी होती माझी बहीण.

हुस्ताने लेकीच्या हातून दुसरी नळी घेतली आणि तिचं तोंड आपल्या दंडावर पालथं घातलं. "चाव बाई, काय चावायचं ते."

माझी बहीण दंडावर उतरली, जरा चालली आणि पुढचे दोन पाय उचलून बसली. आमची बसायची रीतच तशी आहे. डास बसतो तेव्हा मागचे पाय उचलतो. बराच वेळ गेला, काही झालं नाही.

"तुझ्या घरचीच आहे ती, तुला कशी चावेल?" क्रिसान्ता म्हणाली. पण आवाजात आता जोर नव्हता. तिने नोएलियाला याहोस्काकडे दिलं आणि बाही वर सारली. "आण इकडे."

बहीण तिच्याही हातावर तशीच बसून राहिली. क्रिसान्ता टक लावून पाहत होती. ही चावली तर बरं, असंच तिला वाटत असावं. निदान दोष कुणाचा ते तरी कळलं असतं. शेवटी तिचे डोळे भरून आले.

"मग माझ्या पोरीला काय झालं होतं गं, हुस्ता?"

"दवाखान्यात सांगितलं ना, तो डासांचा ताप..." याहोस्का म्हणू लागली. हुस्ताने तिच्या पायावर पाय दिला. क्रिसान्ताच्या पन्हाळीखाली पावसाच्या पाण्याचं उघडं पिंप असतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. हुस्ताने एक वाटी भरली आणि शेजारणीपुढे धरली. क्रिसान्ता ती थांबत थांबत प्यायली.

दुसऱ्या सकाळी हुस्ता ब्रश आणि बादली घेऊन तिच्या अंगणात गेली. मी याहोस्काच्या खिशातल्या बाटलीत होतो. "माझी टाकी घासतेच आहे, चल, तुझं पिंपही घासून टाकू," हुस्ता म्हणाली.

दोघींनी मिळून पिंप आडवं केलं. पाणी मातीवर पसरलं आणि त्यात डासांच्या काळपट अळ्या वळवळू लागल्या. क्रिसान्ता वाकून त्यांच्याजवळ बसली.

"तुला माहीत होतं. काल सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"मला एवढंच माहीत आहे की पोर काल रात्री भात खाऊन झोपली," हुस्ता म्हणाली. "ऊठ. पिंप मला एकटीला धरवत नाही."

आता मी लेओनला एका काचेवर असतो. पंख एकीकडे, डोकं एकीकडे, चिमट्यांचं टोक वेगळं, वर झाडाच्या चिकाचा पारदर्शक थर. शेजारी माझ्या दोन्ही कातड्या. याहोस्काने आणि तिच्या विद्यापीठातल्या बाईंनी माझे चिमटे जगभरच्या चित्रांशी ताडून पाहिले, आणि ते कुणाशीच जुळले नाहीत. मी नव्या जातीचा निघालो. नाव देण्याची वेळ आली तेव्हा याहोस्काने आईला फोन केला, तुझं नाव देते म्हणून.

"माझं? किड्याला?" हुस्ता हसून म्हणाली. मग म्हणाली, "पोरीचं दे. ती वाचलीय."

मित्रांनो, गाळात जन्मलेल्या किड्याला आणखी काय हवं? मला जपणाऱ्या हातांचे, आणि जिच्या हातावर तपासणी झाली त्या माझ्या बहिणीचेही माझ्यावर उपकार आहेत. तुमच्या टाकीत लाल अळी दिसली तर पाणी बदला, टाकी घासा, पण तिला शाप देऊ नका. ज्या पोरीच्या तापाचा आळ माझ्यावर आला होता, तिच्याच नावाने आज जग मला ओळखतं. मी नोएलियाचा चायूल.